मेंदूला मागणी

“मेलेल्या माणसाचा मेंदू कधी खोटं बोलत नाही,” डॉक्टरांनी जाहीर केलं, आणि त्या भरात हात असा फिरवला की टेबलावरची गोळ्यांची डबी घरंगळत सोफ्याखाली गेली.

भाऊजी गुडघ्यांवर बसून डबी शोधू लागले. “आणि जिवंत माणसाचा?” त्यांनी सोफ्याखालून विचारलं.

“तो सर्रास बोलतो. रोगी लक्षणं वाढवून सांगतात, नातेवाईक त्यात भर घालतात. काचपट्टीवरचा काप मात्र—”

“भर घालत नाही,” भाऊजी म्हणाले. “गुणी आहे.”

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसलेली ताई हसली. ती डॉक्टरांची थोरली बहीण. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन इतकी वर्षं झाली होती की आता त्या रोगाचा उल्लेख घरात भाडेकरूसारखा व्हायचा: आज फार त्रास नाही दिला, काल रात्रभर धिंगाणा घातला.

डॉक्टर म्हणजे याच रोगातलं मोठं नाव. ते न्यूरोपॅथॉलॉजिस्ट होते, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मेंदूला काय झालं होतं ते सांगणारे. बैल गेला आणि झोपा केला, यातल्या झोपा करणाऱ्यांत आपला मेहुणा सगळ्यात जास्त शिकलेला, असं भाऊजी कौतुकाने सांगत. प्रयोगशाळेत मेंदू आला की डॉक्टर तो फॉर्मालिनच्या बादलीत दोऱ्याने टांगत, तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून. पुरेसा घट्ट झाला की लांब पात्याच्या सुरीने त्याचे काप करत आणि कापांवरून हलकेच बोट फिरवत. या रोगाचा जुना डाग बोटाला कडक लागतो. डॉक्टर तो डोळे मिटून ओळखत. इतक्या मायेने त्यांनी घरातल्या कोणाच्या डोक्यावरून हात फिरवल्याचं ऐकिवात नव्हतं.

शरीराचेच पहारेकरी मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते कुरतडणं कुठून सुरू होतं यावर. डॉक्टर म्हणत, मेंदूच्या वरच्या पापुद्र्यापासून. दुसऱ्या प्रयोगशाळेतला एक दाढीवाला म्हणे, आतून. या भांडणात दोघांचेही केस गेले होते. दाढीवाल्याची दाढी तेवढी शिल्लक होती. निकाल लागायला हवा होता असा मेंदू, ज्याच्या जिवंतपणीच्या वर्षानुवर्षांच्या एमआरआयच्या फिल्मा हाताशी आहेत. तसा मेंदू मिळणं महाकठीण. आणि तसा एक सख्ख्या बहिणीच्याच डोक्यात होता. तो आपल्या नावे झाला तर उभ्या आयुष्याचं म्हणणं खरं ठरणार होतं. नाहीतर त्या म्हणण्यासकट निवृत्त व्हायचं.

“तर ताई,” डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “तुझा मेंदू आमच्या प्रयोगशाळेला मिळावा, असं मला वाटतं. तू गेल्यानंतर, अर्थात.”

“आधी मागणार होतास काय रे गुंड्या?” ताई म्हणाली.

“चेष्टा नको. आणि घाई अजिबात नाही. तू चांगली शंभरी गाठ.”

“शंभरी कशी गाठू? तू तर पुढच्या वर्षी निवृत्त होतोयस.”

डॉक्टरांनी चहात बुडवलेलं बिस्किट बुडालं. बशीत चमचा नव्हता, म्हणून त्यांनी ते बुडू दिलं. विषयाला कलाटणी द्यावी म्हणून त्यांनी ताईचा कप उचलला आणि तिच्या उजव्या हातापाशी धरला. हात मांडीवरून हलला नाही. भाऊजींनी कप काढून घेतला, तिच्या डाव्या हातात दिला आणि खालून आपला तळवा तसाच ठेवला.

“उजवा हात?” डॉक्टर म्हणाले. “मानेपाशी एक डाग आहे खरा. पण तो लहान आहे.”

“लहान आहे होय,” ताई म्हणाली. “मला उगीच मोठा वाटत होता.”

चहा संपला. भाऊजी कप घेऊन आत गेले आणि नळ सुरू झाला. ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाली,

“मेंदूचं म्हणशील तर तो मी देऊन बसलेय रे.”

“कोणाला?”

“दाढीवाल्यांना.”

डॉक्टर उठले, पुन्हा बसले. “तो मेंदू मागायला इथपर्यंत आला?”

“मागायला नाही. हा आजार घेऊन माणूस दिवस कसा काढतो ते बघायचंय म्हणाले. तेव्हापासून येतात अधूनमधून. बसतात. मला डोळ्यांनी वाचवत नाही, तर पेपर वाचून दाखवतात. उच्चार भयंकर आहेत. मेंदूचं मीच काढलं. ते अवघडले बिचारे. म्हणाले, आधी भावाला विचारा.”

“मग विचारायचंस ना मला.”

“फोन केला होता. तू म्हणालास, परिषदेत आहे, काही अर्जंट आहे का? मी म्हटलं, नाही, मेल्यानंतरचं आहे. तू म्हणालास, मग नंतर बोलू.”

आत कपांचा आवाज होत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“तो माणूस चूक आहे, ताई. त्याचं सगळं संशोधन चूक आहे.”

“असेल.”

“माझं बरोबर आहे, हे तुझ्याच मेंदूवरून सिद्ध झालं असतं. जगाला कळलं असतं.”

“बरोबर तूच असशील रे. लहानपणापासून तूच बरोबर असायचास. आम्हाला कधी संशय नव्हता.”

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. विज्ञानाला नातीगोती नसतात, पुराव्यापुढे भावनांना जागा नाही, पुढच्या पिढ्या माफ करणार नाहीत. यातली दोन वाक्यं डॉक्टरांनी बोलूनही दाखवली. मग त्यांनी बॅग उचलली, भाऊजींना आत हाक मारून निरोप घेतला आणि दारापर्यंत गेले.

“गुंड्या,” ताईने मागून हाक मारली.

ते झटकन वळले. निकाल फिरण्याआधी माणसं अशीच हाक मारतात, असं त्यांना वाटलं. बॅग आपोआप खाली ठेवली गेली.

“बोल, ताई.”

“माझा डावा पाय खुर्चीच्या पट्टीवरून घसरलाय. केव्हाचा लोंबतोय, तुझ्या समोरच. तेवढा उचलून वर ठेवतोस?”