गाडीभोवती एक फेरी

मेहरुन्निसाच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती: गाडी चालवता येणारी आणि न येणारी. पहिल्या प्रकारात ती स्वतः होती. बाकी सगळं कोल्हापूर दुसऱ्या प्रकारात. मग त्यातले निम्मे तिच्याच राजारामपुरीतल्या ड्रायव्हिंग क्लासातून शिकून का गेलेले असेनात!

क्लासात पहिल्या दिवशी ती कुणाला स्टिअरिंगला हात लावू द्यायची नाही. "आधी गाडीभोवती एक फेरी मार. चारी टायर बघ, खाली वाकून बघ, मग बूड टेकव." डॉक्टरीणबाई असो नाहीतर भाजीवाली, फेरी कुणाला चुकत नसे.

आणि अशा बाईच्या दारात, ऑगस्टातल्या एका रविवारी, पेठ वडगावचा अरीब लालभडक गाडी घेऊन आला. गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. तिच्या सायलेन्सरच्या आवाजानं समोरच्या चिमणाबाईंच्या गच्चीवरची कबुतरं भुर्रकन उडाली. मेहरुन्निसानं खिडकीतून बघितलं आणि नाक मुरडलं. असलं ध्यान आपला जावई व्हायला निघालंय!

सुहानाला तो आवडला होता, हीच तर अडचण होती. एकुलती एक लेक, औषधांच्या कंपनीत चांगल्या कामावर, आणि भाळली कुणावर, तर गाडीचे व्हिडिओ काढणाऱ्यावर. मेहरुन्निसानं अट घातली होती. "मी त्याच्या शेजारी बसून पन्हाळ्याला जाऊन येईन. माणूस ब्रेकवर कळतो. खाली आल्यावर व्हय का न्हाय ते सांगीन." सुहाना म्हणाली होती, "तू न्हाय म्हणालीस तर न्हाय. पण नीट बघून सांग."

अरीबनं चहाचा कप उचलला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला तो टायरवरनं.

"खाला, खाली तुमची क्लासची गाडी बघितली. ऑल-सीझन टायर? काय हे!"

"का? काय वाईट हाय?"

"वाईट न्हाय. पण चांगलं तरी काय हाय? थंडीत थोडा, उन्हात थोडा, बर्फात थोडा. सगळ्यांच्या लग्नात जेवणारा पावणा, कामाला कुणाच्याच न्हाय. आणि आपल्याकडं बर्फ कुठं पडतो? गोळेवाल्याच्या गाड्यावर! माझे समर परफॉर्मन्स हायेत. मऊ रबर. तापलेल्या रस्त्याला असं धरतंय की नाद खुळा! ओल्यातबी सोडत न्हाय."

"झिजतात लवकर."

"झिजू देत की! टायर झिजायलाच असतात. ऑल-सीझन घालून स्पोर्टी गाडी चालवायची म्हणजे पैलवानाला साडी नेसवून आखाड्यात सोडायचं."

मेहरुन्निसाला राग आला तो ह्याचा, की पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. बर्फाची गोष्ट तर तिच्याच मनातली होती. तिनं ऑल-सीझन घेतले होते ते शिकाऊ बायका रोज फुटपाथला घासतात म्हणून. मऊ रबराच्या चार दिवसांत चिंध्या झाल्या असत्या. पण हे ह्या टिकोजीरावाला समजावत बसायचं? उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच मनाशी म्हणून ती उठली.

गाडी गेटला लागून उभी होती. डाव्या बाजूचे दोन्ही टायर काळेभोर, नक्षीदार, पाणी मारून चकाकवलेले. अरीब त्यांच्याकडं हात करून उभा राहिला, जणू दुकानाचं उद्घाटन होतं.

भुरभुर पाऊस होता. पण मेहरुन्निसानं फेरी मारली नाही त्याचं कारण पाऊस नव्हता. असल्या खेळण्याभोवती मी फिरू? उद्या गावभर सांगत सुटेल, खाला माझी गाडी बघून गारच झाल्या म्हणून. तिनं डावीकडचं पुढचं दार उघडलं.

"अम्मी..." सुहाना गेटपाशी थांबली होती.

"काय?"

"न्हाय, काय न्हाय. लगेच बसतीस?"

"मग काय गाडीला हार घालू?"

सुहाना मागं जाऊन बसली.

घाटाच्या पायथ्याच्या वाघबीळपर्यंत अरीबनं काही वावगं केलं नाही. घाटातही नाही. मेहरुन्निसा डोळ्यांत तेल घालून चूक शोधत होती आणि चूक सापडत नव्हती. पन्हाळ्यावर धुकं इतकं होतं की गाडीतून उतरायचंही कुणाला सुचलं नाही. तिथूनच गाडी वळवली. परतीच्या उतारावर अरीबला पुन्हा कंठ फुटला. "बघितलं ना खाला? समर म्हणजे समर! ऑल-सीझन असते तर इथं—"

वळणापलीकडं एक म्हातारी म्हशी घेऊन रस्ता ओलांडत होती.

अरीबनं ब्रेक दाबला. सरळ थांबायची सोडून गाडी कुणीतरी कान धरून ओढल्यासारखी डावीकडं वळली. मेहरुन्निसाचा पाय आपसूक खाली दाबला गेला, पण इथं काही क्लासच्या गाडीसारखा तिच्या बाजूला ब्रेक नव्हता. समोर कठडा आला. कठड्यापलीकडं नुसतं पांढरं धुकं. मागं सुहाना आहे, एवढं एकच तिच्या मनात आलं.

कठड्यापासून हातभरावर गाडी थांबली. म्हशी निवांत निघून गेल्या.

"म्हशी बघा की!" अरीब ओरडला. "सांभाळता येत न्हाईत तर पाळतात कशाला? आणि रस्त्यावर तेल सांडलंय बहुतेक!"

मेहरुन्निसा उतरली. त्याला दारातून ओढून बाहेर काढायचं आणि चार शब्द सुनवायचे, म्हणून ती गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली, आणि तिथंच थबकली.

उजव्या बाजूला दोन्ही टायर जुने होते. ऑल-सीझन. तिच्या गाडीला होते त्याच जातीचे, फक्त तिच्या टायरांवर नक्षी होती आणि हे घासून तुळतुळीत झाले होते.

"हे काय हाय?"

अरीब उतरला, टायरकडं न बघता चपलेकडं बघू लागला. "त्या मापाचे दोनच आले, खाला. बाकीचे दोन येणार हायेत."

"मग येईस्तोवर थांबायचं! आणि एका बाजूला दोन? ही अक्कल कुणाची?"

"व्हिडिओत... डावीच बाजू दिसते ना."

"अरे गाढवा! वरनं कीर्तन आणि आतनं तमाशा! तासभर माझ्या टायरांची अब्रू काढलीस आणि त्याच जातीच्या टकल्या टायरांवर माझी पोरगी बसवून घाटात आणलीस? लाज वाटत न्हाय?" मेहरुन्निसा तापली होती, पण तिला आता मनातून बरंही वाटू लागलं होतं. चूक सापडली होती. तीही केवढी! ती सुहानाकडं वळली. "बघितलंस तुझं रत्न? आता ऐक माझं उत्तर!"

"मला माहीत होतं," सुहाना म्हणाली.

"काय?"

"पंधरवडा झाला. भांडले मी त्याच्याशी. म्हणाला, रविवारच्या आत बदलतो. आज गेटवर बघितलं, तर तसेच." "मी चाडी केली असती तर तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगत नव्हते? मला तुझ्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. म्हटलं, अम्मी फेरी मारेल. अम्मीची फेरी कधी चुकत न्हाय. तिचं तिलाच दिसेल आणि जे व्हायचं ते गेटवरच होईल."

पाऊस मेहरुन्निसाच्या चष्म्यावरून ओघळत होता.

"चावी दे," सुहाना अरीबला म्हणाली. त्यानं दिली. "मागं बस."

भर पावसात तिनं गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, मग स्टिअरिंगला बसली. बैलगाडीच्या वेगानं, ब्रेकला नुसता पाय लावत, तिनं गाडी घाटातून उतरवली आणि थेट राजारामपुरीत आणली.

गेटपाशी तिनं चावी अरीबच्या हातात ठेवली. "हळू जा. आणि चारी टायर नवे घातलेस तरी परत येऊ नकोस. उन्हाळ्याचे घाल, बारमाही घाल, माझं काय न्हाय त्यात. मी सांगितलं होतं तुला, आणि तू मला तसंच बसवलंस."

अरीब गेला. ह्या वेळी कबुतरं उडाली नाहीत, इतक्या गुपचूप गेला.

सकाळपासून जे हवं होतं ते मेहरुन्निसाला मिळालं होतं. लेकीच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून तिनं तो पुढं केला. सुहानानं तो हळूच बाजूला केला आणि जिना चढू लागली. मधल्या पायरीवर ती थांबली.

"आणि अम्मी, फेरी मारत जा. गाडी कुणाचीबी असू दे."