जाळीची टोपी

स्टोव्हच्या पंपाचा दांडा तिने ओढला आणि तो अलगद हातात आला. टोकाचं चामडी वायसर वाळून मनुकेसारखं आक्रसलं होतं.

"हवाच भरत नाही म्हटल्यावर पेटेल कसा बिचारा," कंपासकाका म्हणाले. मागच्या गॅलरीत पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून ते सकाळपासून नुसते सल्ले देत होते. तिच्या वडिलांबरोबर उभा जन्म डोंगर चढलेला हा माणूस गळ्यात होकायंत्र अडकवूनही हमखास वाट चुकायचा. म्हणून हे नाव.

"काका, तुम्ही कधी दुरुस्त केलाय हा?"

"मी? तुझ्या बापाने मला हात लावू दिला असता तर ना! मी पाणी आणायचो. आणि चहा प्यायचो."

तळहातावर मावणारी पितळी टाकी, दुमडणारे तीन पाय, डोक्यावर बर्नर. वडील गेल्यापासून स्टोव्ह माळ्यावरच होता. उद्या पहाटे जुनी मंडळी त्यांच्याशिवाय पहिल्यांदा डोंगरावर निघणार होती, आणि माणूस नाही तर निदान स्टोव्ह तरी बरोबर असावा, असं सगळ्यांच्या मनात होतं. अट एकच, आणि ती काकांची.

"पेटता पाहिजे हं. नुसतं पितळ मी पाठीवर वाहणार नाही. तसं असेल तर तुमच्या शोकेसमध्ये ठेवा."

ती हसली होती. पण फुलदाणीशेजारी बसलेला, चकचकीत, मुका स्टोव्ह तेव्हापासून तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

संध्याकाळी न्यायला येतो, असं सांगून काका उठले. तिने वायसर वाटीभर तेलात बुडवलं आणि ते मऊ होईपर्यंत टाकी पुसायला घेतली. पुसता पुसता बोट एका जागी अडखळलं. तिथे कधीतरी मोठा पोचा आला होता. वडिलांनी तो आतून उचलून, वरून इतका एकसारखा घासला होता की डोळ्याला काही दिसेना, फक्त बोटाला कळे. बर्नरचा पाना बाजारातला होता, पण अडचणीच्या जागी जावा म्हणून त्याची कड कानशीने पातळ केलेली. जादा निपलं एका गोळ्यांच्या डबीत, खुळखुळू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळलेली. कुणी बघणार नाही अशा ठिकाणीही या माणसाने हातचं राखून काही केलं नव्हतं. तिने पाना पुसून फडक्यावर ठेवला. मग वायसर बोटांनी पसरून पंपात बसवलं. या खेपेला दांडा आत जाताना कुरकुरला. हवा धरली होती.

बर्नरखालच्या वाटीत तिने स्पिरिट ओतलं, काडी लावली, आणि घाई केली. बर्नर तापायच्या आतच पंप मारला. रॉकेलची वाफ व्हायची ते तसंच उसळलं आणि पिवळा भडका कपड्यांच्या दोरीपर्यंत गेला. तिने झटकन हवेची चावी सैल केली. भडका खाली बसला.

आई ओलं फडकं घेऊन दारात उभी होती.

"घर पेटवू नकोस बाई. चहाची एवढी काही तहान नाही मला."

"बाबांचा कसा कधी भडकायचा नाही गं?"

"ते हात मागे बांधून उभे राहायचे. स्पिरिट संपत आल्याशिवाय सोडायचेच नाहीत."

आई आत गेली. तिने पुन्हा स्पिरिट ओतलं आणि हात पाठीमागे बांधले. वाटीतली ज्योत बारीक झाल्यावरच पंपाला हात लावला. या वेळी ज्योत निळी आली, पण एका अंगाला झुकलेली, चूळ भरल्यासारखी थुंकत. म्हणजे आत काजळी. सगळं निवू दिलं, बर्नर सोडवला, गॅसवर लाल होईस्तोवर तापवून निवल्यावर फरशीवर ठोकला. काळे पापुद्रे पडले. निपलात पिन फिरवून ते उजेडासमोर धरलं. सुईच्या अग्राएवढा प्रकाश आरपार दिसला, आणि तिला उगाचच कुणीतरी पाठ थोपटल्यासारखं वाटलं.

बर्नरवरून काढून ठेवलेली तबकडी शोधताना स्टोव्हच्या सामानाच्या डब्यात तळाशी कागदाची पुडी लागली. पुडी तिने ओळखली. तिनेच तर पाठवली होती.

मागच्या थंडीत आई फोनवर रोज तक्रार करायची. घरात गॅस असताना हे पहाटे उठून गॅलरीत स्टोव्ह पेटवतात, कान किटतात नुसते. फोनमधूनही ती घरघर ऐकू यायची. तेव्हा तिने बरीच शोधाशोध करून ही जाळीची टोपी मिळवली होती. तबकडीच्या जागी ती बसवली की ज्योत शेकडो बारीक भोकांतून निघते आणि आवाज जवळजवळ बंद होतो. वडिलांचा लगेच फोन आला होता.

"काय सुंदर काम केलंय गं! एकेक भोक सारखं."

"बसवली का?"

"बसवतो की."

नंतर दवाखानाच सुरू झाला. टोपी पुडीतच राहिली. तेव्हा ते तिला जरा लागलं होतं.

आता तिने टोपी बर्नरवर ठेवली. चपखल बसली. स्पिरिट, मागे बांधलेले हात, मग पंप. जाळीवर निळ्या कळ्यांचं गोल ताट फुललं. आवाज असा नाहीच, कान देऊन ऐकला तर श्वासाएवढा. वडिलांनी हे बघायला हवं होतं.

"पेटला नाही का अजून?" आतून आईने विचारलं.

"पेटलाय की! ये ना बघायला."

आई आली. ज्योतीकडे बघत राहिली, मग सावकाश बादलीवर टेकली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण काढ ती टोपी."

"अगं, तुलाच तर त्रास व्हायचा आवाजाचा!"

"मला कसला त्रास?" आईने पदराने उगाच हात पुसले. "त्यांना खोकला यायचा. रात्रभर दाबून ठेवायचे, मला कळू नये म्हणून. पहाटे इथे येऊन हा पेटवायचे आणि मग पाठ फिरवून त्या आवाजाआड सगळा खोकून घ्यायचे."

"तुला माहीत होतं?"

"पाठ दिसायची ना दारातून. हलायची."

"मग बोलली का नाहीस?"

"डॉक्टरकडे मी आधीच जाऊन आले होते. जे सांगायचं ते डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं, फक्त एकेकट्याला." आई जराशी हसली. "ते इतकी मेहनत घेऊन लपवतायत म्हटल्यावर आपणही काही करायला नको? मी आतून ओरडायची, काय हा गोंगाट म्हणून. मग निर्धास्त व्हायचे. तुझ्याकडे तक्रार करायची तीसुद्धा ते ऐकतील अशी, मोठ्याने."

तिने टोपीकडे पाहिलं. एकेक भोक सारखं होतं.

चावी सैल करून तिने ज्योत विझवली. निवल्यावर टोपी पुडीत घातली आणि जुनी, काळवंडलेली, किंचित वाकडी तबकडी बर्नरवर बसवली.

"जा तू आत," ती म्हणाली. "भडकला बिडकला तर."

आईने तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून आत गेली.

तिने हात मागे बांधले, थांबली, मग पंप मारला. स्टोव्ह गरजला. सगळी गॅलरी त्या घरघरीने भरून गेली. तिने आणखी हवा भरली, दाराकडे पाठ केली आणि खाली वाकली. वडील गेल्यापासून आवरून धरलेले खांदे हलू लागले.

"काय हा गोंगाट!" आतून आई मोठ्याने ओरडली.