अर्ध्या तासाचं काम

“तुम्ही काहून नाही करून घेतला मंग, दीदी?” पायलनं विचारलं, आणि तिच्या आईनं तिच्या मांडीवर चापट मारली.

पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी काउंटरच्या मागे बसून दहा मिनिटं तिला समजावत होते की तुटक्या दाताला बॉन्डिंग किती सोपं, आणि समजावणाऱ्या बाईच्याच समोरच्या दाताचा कोपरा उडालेला. नऊ वर्षांची असताना पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बोरिंगच्या हातपंपावर पाणी भरत होते. दांडा हातातून निसटला तो वर येऊन थेट तोंडावर बसला. तेव्हापासून मी ओठ मिटून हसते. शाळेच्या, लग्नाच्या, पोराच्या बारशाच्या, सगळ्या फोटोंत माझं तोंड बंद आहे.

“माहं राहून गेलं,” मी म्हटलं. “तू आपलं पाय.”

कसं राहून गेलं, तेही सांगते. रायपूरच्या सदर बाजारात, एका सराफाच्या दुकानावरच्या मजल्यावर यशवंतराव डॉक्टरांचा दातांचा दवाखाना. तिथे मी एकोणीस वर्षं काउंटर सांभाळला. फोन घ्यायचा, नंबर लावायचे, रडणाऱ्या पोरांना चुचकारायचं, दाढ काढायच्या भीतीनं जिन्यातून पळणाऱ्या मिशाळ माणसांना परत वर आणायचं. डॉक्टर माणूस भला. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे बघून म्हणाले, “पूर्णिमा, तुझा तो दात एकदा फुरसतीत करून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे.”

पुढे दर वर्षी एकदा तरी ते हेच म्हणायचे. सतरा वर्षांत त्यांना तो अर्धा तास सापडला नाही आणि मी मागितला नाही. दाताला लावायचा मसाला ट्यूबमध्ये उरायचा, त्याची मुदत संपायची, आणि मीच तो कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. मागायची लाज वाटायची, असं मी लोकांना सांगत आले. लाज कसली, राग होता. आपणहून म्हणाले ना, मग आठवणही त्यांनीच ठेवावी, असा माझा ताठा. ताठा जपला आणि दात तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. आता दवाखाना त्यांची सून चालवते, डॉक्टर मंजिरी.

पायल वीस वर्षांची. स्कूटीवरून पडली आणि समोरच्या दाताचा कोपरा गेला, माझ्यासारखाच. बाकीचे दात निरोगी. मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात नोकरीचं बोलणं चाललं होतं. मंजिरी मॅडमनी आत तिला सहा व्हिनियर सांगितले होते, आणि मायलेकी गोंधळून बाहेर माझ्यापुढे येऊन बसल्या होत्या.

मी तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या नखावर बोट ठेवलं. सगळ्यांना मी असंच समजावत असे.

“हे नख पाय. याले पॉलिश लावलं तं पुसता येते का नाही? तसं बॉन्डिंग. दातावर मसाला लावते, निळा लाइट मारते, घोटून दाताच्या रंगाचा करते. चहानं पिवळा पडते, कधी टवकाही निघते. निघाला तं पुन्हा लावते. अन् व्हिनियर म्हंजे चिनीमातीचा पापुद्रा. दिसाले लई झाक. पण तो बसवासाठी आपला दात समोरून घासा लागते. घासला का घासला. नख वाढते माय, दात नाही वाढत.”

“मॅडम तं म्हणे का सहाही घासू.”

“पाच चांगले आहेत तुहे,” मी म्हटलं.

त्यावर तिनं मला तो प्रश्न विचारला होता. तरीही तिनं बॉन्डिंगच केलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सव्वाचारला आत गेली, पावणेपाचला बाहेर. आरशात तोंड वेडंवाकडं करून हसत होती, आई तिला ओरडत होती आणि स्वतःही हसत होती. मला त्या पोरीचा हेवा वाटला. वय, रंग, नोकरी, कशाचाच नाही. तो अर्धा तास तिला पहिल्याच दिवशी मिळाला, त्याचा.

संध्याकाळी मॅडमनी आत बोलावलं.

“दीदी, आप मेरे पेशंट को बाहर क्या समझाती हैं?”

“विचारलं तं सांगते, मॅडम. मोठे डॉक्टर होते तवापासून सांगते.”

“पापाजी का ज़माना अलग था।” मॅडमचं माहेर भिलाईचं, मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. “और आप खुद टूटा दाँत लेकर काउंटर पर बैठी हैं। दाँतों के क्लिनिक में! लोग क्या सोचते होंगे?”

लोक काय म्हणतात ते मी दुपारीच ऐकलं होतं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज एकदम गोड केला. आठ व्हिनियर करू. फुकट. आधीचा आणि नंतरचा फोटो काढू, जिन्यात मोठं पोस्टर लावू.

“मॅडम, माहा एकच दात तुटला. बॉन्डिंग करून द्या त्याचं. बाकीचे सात चांगले आहेत.”

“एक बॉन्डिंग का क्या पोस्टर बनेगा, दीदी?” त्या हसल्या. “सोच लीजिए। काउंटर पर चेहरा तो चाहिए ना। रीना कब से पूछ रही है बाहर बैठने के लिए।”

रीना म्हणजे आत औजारं धुणारी पोरगी. बावीस वर्षांची, तोंडभर हसणारी. तिचं नाव मॅडमनी उगाच घेतलं नाही, एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नत्थू सिलतऱ्याला लोखंडाच्या प्लांटमध्ये ठेक्यावर आहे. तिथल्या धुळीनं त्याला खोकला लागलाय. चार दिवस जातो, तीन दिवस झोपून असतो. घर म्हणाल तर काउंटरवरच उभं आहे.

“फुकटात करून देऊन राहिली न मॅडम? मंग तोंड पाडून काहून बसली?”

“चांगले दात घासून टाकते न ते.”

“चांगले दात आहेत तं दिसले कवा?” तो खोकत उठून बसला. “वीस वर्सं झाली लग्नाले. तुले तोंड उघडून हासताना म्या नाही पाह्यलं. पहिले पहिले मले वाटे, मी पसंतच नाही तुले.”

मी भात ढवळत राहिले. वीस वर्षं याच्या मनात हे होतं आणि यानं एकदा विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही की दाताचं आहे, तुझं नाही. सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्या रात्री मला माझ्या ताठ्याची पहिल्यांदा चीड आली, आणि चिडूनच मी सकाळी मॅडमना ‘हव’ म्हणून टाकलं.

एकोणीस वर्षं तो घरघराट मी बाहेरून ऐकला होता. तोंडात ऐकला तेव्हा कळलं की तो कानात नाही, कवटीत वाजतो. दुखलं नाही, सुन्न केलं होतं. पाण्याच्या फवाऱ्याबरोबर काहीतरी बारीक रवाळ जिभेवर आलं, आणि ते माझेच दात आहेत हे मला समजत होतं. मधे एकदा मॅडमनी हात थांबवला तेव्हा मी जीभ फिरवली. समोर बारके, खरखरीत खुंट. बोरिंगच्या दांड्यानं एक कोपरा नेला होता, बाकीचं मी संमतीच्या कागदावर सही करून दिलं.

पण खोटं बोलणार नाही. पंधरा दिवसांनी पापुद्रे बसले आणि मॅडमनी आरसा हातात दिला, तेव्हा मी रडले, आनंदानं रडले. ऑटोत समोर बसलेल्या अनोळखी बाईकडे बघून हसले. ती बिचारी घाबरून दुसरीकडे बघायला लागली. नत्थूनं दारातच अडवलं आणि म्हणाला, “कोनाची बाई हाय ही? घर चुकली काय?” त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो. लग्नानंतरचे पहिले दिवस मला त्या एका संध्याकाळी मिळाले.

ते सुख महिनाभर टिकलं. डब्यात मी रोज एक बिही नेत असे. रायपुरात पेरूला बिही म्हणतात. तुटक्या दातानंही मी ती कडाकडा फोडून खायचे. आता समोरच्या दातांनी काही फोडायचं नाही, अशी मॅडमची ताकीद. सुरी घेऊन बिहीच्या फोडी करायला लागले. पोस्टर आलं. जिन्यात माणसाएवढं मोठं, पण नाकाच्या खालून हनुवटीपर्यंतच. आधीचं तोंड आणि नंतरचं तोंड. वर नाव मॅडमचं. हे माझं आहे, असं मीच लोकांना सांगायचे तेव्हा ते पोस्टरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघून “अच्छा, अच्छा” म्हणायचे.

दुसऱ्या महिन्यात रीना काउंटरवर आली.

“आप थक जाती हैं दीदी, दिनभर फोन, लोग। अंदर आराम रहेगा,” मॅडम म्हणाल्या.

आत म्हणजे औजारं धुवायची खोली. खिडकी नाही. हातात मोजे आणि तोंडावर दिवसभर मास्क. मोठ्या डॉक्टरांनी तुटक्या दाताची पूर्णिमा सतरा वर्षं सगळ्यांच्या समोर बसवली. आठ दात नवे झाले आणि मी मास्कच्या आत गेले. त्यातला विनोद मलाही कळतो, फक्त हसू येत नाही.

कधीतरी हाक यायची, “दीदी, ज़रा आइए।” मी बाहेर जायचे. “मास्क हटाइए।” मी हटवायचे, दात दाखवायचे. पेशंट वाकून बघायचे. “ठीक है दीदी, जाइए।” भंडाऱ्याकडे माझे आजोबा बैल विकत घ्यायचे तेव्हा ओठ वर करून दात बघायचे. बैल गुमान उभा राहायचा. लहानपणी मला वाटायचं, हा मान झटकत का नाही?

आठ महिन्यांनी अशीच हाक आली. बाहेर पायल बसली होती, शेजारी अंजनाबाई, तिची आई. पोरीनं ठेठरी खाल्ली होती, कडक तळलेली, आणि दाताला लावलेल्या मसाल्याचा टवका उडाला होता. नोकरी लागली होती, अंगावर दुकानाचा निळा टीशर्ट. मॅडमनी पुन्हा सहा व्हिनियरचंच काढलं होतं.

“दीदी, मास्क हटाइए।”

मी हटवला. पायल बघतच राहिली.

“बाप्पा! दीदी, तुम्हीच का वं?”

“किती झाक दिसून राहिल्या!” अंजनाबाई म्हणाली. “म्या वळखलंच नाही.”

पायल उठून माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, “दीदी, तुम्ही म्हणान तेच करतो. पुन्हा मसाला लावू का हे करू? तुमच्यावर भरोसा हाये माहा.”

मॅडमचं लिहिणं थांबलं. त्यांनी वर बघितलं नाही. काउंटरवर रीनानं वाजणारा फोन उचलला नाही. पायलचा हात माझ्या हाताला लागला होता, अंगठा वर. नख दाखवायला मला नुसतं बोट ठेवायचं होतं. टवका निघाला तर पुन्हा लावता येतो, हे मीच तिला सांगितलं होतं. पाच दात निरोगी होते, सहाव्याचं अर्ध्या तासाचं काम.

नत्थू त्या आठवड्यात एकही दिवस प्लांटला गेला नव्हता. पण ते कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी मी घाबरले होते, एवढंच खरं.

“व्हिनियर करून घे,” मी म्हटलं. “म्या केले न.”

तुटका दात घेऊन खरं सांगितलं तेव्हा या पोरीनं मला तोंडावर प्रश्न विचारला होता. आता तिनं काहीच विचारलं नाही. माझ्या दातांकडे बघितलं, मान हलवली आणि मॅडमच्या मागोमाग आत गेली.

मी मास्क वर ओढला आणि माझ्या खोलीत आले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून घरघराट सुरू झाला. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बाहेर अंजनाबाई रीनाला विचारत होती, “अजून किती टाइम लागते वं? मांगच्या टायमाले तं लवकर झालं होतं.”

“टाइम तो लगेगा, आंटी,” रीना म्हणाली.

मग तिनंच ट्रे आणून माझ्यापुढे ठेवला. घासायच्या बारीक टोकावर ओलं पांढरं पीठ चिकटलं होतं. मी नळ सोडला. ब्रशनं घासलं, उजेडात धरून बघितलं. एका खाचेत थोडं राहिलं होतं, ते पुन्हा घासून काढलं.