जोडीचा शब्द

समोरच्या खोलीबाहेरचे ते रबरी बूट — डावा किंचित आत वळलेला, टाचेशी झिजलेला — आज कोरडे होते. एरवी या वेळेला ते ओले असायचे, कारण तेओतीम डेगल भल्या सकाळी मिस्साला जाऊन बर्फ तुडवत परत यायचा आणि जिन्यावर मुद्दाम मोठ्यानं धापा टाकायचा, मला ऐकू जावं म्हणून... चार दिवस झाले कोरडेच आहेत, एसा एस्टाब्रुक्सनं स्वतःला बजावलं. आजच काय नवल वाटतंय तुला?

आतून खोकला आला. एसा पायरीवरच थांबला, खोकला संपेपर्यंत.

आठ हिवाळे. आठ हिवाळे फ्रेडरिक्टनला विधानसभेचं अधिवेशन, आठ हिवाळे गिलिसबाईंच्या या खानावळीत समोरासमोरच्या दोन खोल्या. सभागृहात डेगल पलीकडच्या बाकावर, विरोधात, आणि मधल्या दोन हातांच्या मोकळ्या जागेतून तो एसाच्या पुलाची अशी काही टर उडवायचा की गॅलरीतले लोक पोट धरून हसायचे. सरकार पूल बांधणार एकच — तो एसाच्या गावाला, केलर्स लँडिंगला तरी होईल, नाहीतर नदीच्या वरच्या अंगाला डेगलच्या गावाला. संध्याकाळी मात्र चेकर्सचा पट मांडून हाच डेगल विचारायचा, "काय रे, लागलं का फार?" या अख्ख्या शहरात एसाला 'लागलं का' विचारणारा दुसरा माणूस नव्हता. गावीही नव्हता. बायको, थर्झा, गेल्यापासून नव्हता.

थर्झा एप्रिलमध्ये गेली. नदीवरचा बर्फ फुटलेला, घसरगाडी जाईना, नाव लोटता येईना, आणि लख्ख उन्हात पलीकडच्या काठावर डॉक्टर काळी पेटी घेऊन उभा — त्याच्या कोटाची बटणंसुद्धा दिसत होती. संध्याकाळपर्यंत तो तसाच उभा होता बिचारा. त्या वर्षी एसा निवडणुकीला उभा राहिला, एका पुलासाठी. आणि लोकांनी त्याला निवडून दिलं, एका पुलासाठी.

आज दोन वाजता त्या पुलावर मतदान. आणि काल संध्याकाळी एसानं जोडी लावली होती.

सभागृहाची ही जुनी रीत. विरोधातला एक गडी आजारी पडला की सरकारी बाजूचा एक गडी आपणहून बाहेर बसतो. त्याचंही मत नाही, याचंही नाही, फिटंफाट. कागद नाही, साक्षीदार नाही. हात हातात घ्यायचा, झालं. आणि तो शब्द मोडलेला माणूस एसानं आजवर पाहिला नव्हता.

डेगल तापानं फणफणलेला, माझा हात धरून म्हणाला... मग माणूस काय करणार? आपली तीन मतं जास्त आहेत, एक गेलं तर काय बिघडतंय. असंच वाटलं मला. असंच.

खाली दार आपटलं. सरकारी पक्षाचा प्रतोद स्प्रेग बूट झटकत जिन्याच्या तळाशी आला.

"अहो एस्टाब्रुक्स! अजून कोट नाही अंगात? आपले दोघं फुटलेत, मतदानालाच येणार नाहीत, आणि आपला पेक तर घरीच निघून गेला काल. तुम्ही आलात तर एका मतानं पूल होतो. नाही आलात तर बरोबरी, म्हणजे पूल नाही, बसा बोंबलत."

"माझी जोडी आहे," एसा म्हणाला. "डेगलशी."

 स्प्रेग वर आला, आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला माहीत आहे?"

"त्याला."

"तो शुद्धीत तरी आहे का? बरळला असेल म्हणून सांगता येईल. अहो, आठ वर्षं आमचं डोकं खाल्लंत त्या पुलापायी, आणि आता हे काय सोवळं काढलंत? गाडी उभी आहे खाली. दहा मिनिटं थांबतो, जास्त नाही."

तो खाली गेला. एसानं जिन्याजवळच्या खुंटीवरचा कोट काढला, एक बाही चढवली. गावातल्या बायका येतील उद्या, हातात हात घेतील. पुढच्या एप्रिलात कुणी काठावर उभं राहणार नाही. शब्द मोठा की माणसं मोठी — हे विचारायलाही डेगलकडेच जावं लागणार, दुसरं आहे कोण... आणि मत देऊन परत आल्यावर याच जिन्यानं वर यायचं, त्या दारासमोरून.

"एसा?" आतून घोगरा आवाज आला. "तूच आहेस ना रे?"

दुसरी बाही हातात तशीच राहिली. कारण त्या आवाजासरशी कालची संध्याकाळ जशी होती तशी समोर आली, मघापासून तो आठवत होता तशी नव्हे. डेगलनं काहीच मागितलं नव्हतं. तापातही हसत तो एवढंच म्हणाला होता, "होणार बघ तुझा पूल. मग पुढच्या हिवाळ्यात तू कशाला येतोस मरायला इथं? मी कुणाला हरवू?" आणि एसाला एकदम रिकामं घर दिसलं होतं, पूल झाल्यानंतरचं, जिथं आता कशाचीच वाट पाहायची नाही. हात त्यानं पुढे केला होता. एसानं. आणि पेकची घसरगाडी त्याआधीच, दुपारीच, सामान लादून जाताना त्यानं खिडकीतून पाहिली होती; ते दोघं मतदानाला येणार नाहीत, हेही कानावर आलं होतं.

मला ठाऊक होतं, थर्झा. मोजणी मला ठाऊक होती.

"एस्टाब्रुक्स!" खालून हाक आली.

"एसा, अरे बोल की," आतून.

अर्धा कोट अंगात घालून तो दोन्ही हाका ऐकत उभा राहिला. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की आपण एक शब्द पाळायचा की मोडायचा, एवढंच ठरवतो आहोत.