तीन वार आणि एंटर

बसा रे मित्रांनो, सरकून बसा. अशी गोष्ट सांगतो की जांभई विसराल!

मी एक जुना लॅपटॉप आहे. बिजागरी सैल, बॅटरी मेलेली, वायर लावली तरच डोळे उघडणार. कारखान्यातून आलो तेव्हा काय रुबाब होता! घरातल्या पोरीनं माझ्यावर अख्खं कॉलेज काढलं. मग नवा आला आणि माझी रवानगी थेट माळ्यावर.

खाली घर हुशार झालं. दादानं, म्हणजे तिच्या भावानं, भिंतीवरची बटणं काढून टाकली. नुसतं "पंखा लाव" म्हणायचं, की पंखा गरगर!

आणि बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. बाजारात 'एक वार, दोन वार, तीन वार' करत लिलाव पुकारणारा माणूस तो. आता स्वतःच्या खोलीतला दिवा लावायला टाळ्या वाजवून कुणाला तरी बोलवायचे. पुढं पुढं टाळ्याही थांबल्या. अंधारातच बसून राहायचे.

पोरगी माहेरी आली आणि भडकली. "दादा, बटणं काढताना अक्कल गहाण ठेवली होतीस?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, असं होईल म्हणून?"

तिनं मला माळ्यावरून उतरवलं, पुसलं, पोटातलं सगळं अडगळीचं सामान काढून टाकलं. चित्रं नाहीत, काही नाही. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. तिथं हुकूम लिहायचा, घरानं ऐकायचं. झालं!

बाबांनी एका बोटानं शोधून शोधून लिहिलं, 'दिवा चालू'. आणि वाट बघत बसले. दिवा लागेना! ते माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं. माझा जीव टांगणीला! शेवटी त्यांनी हातानं 'नको' केलं आणि मला दूर सारलं. आता मी परत माळ्यावर आणि ते परत अंधारात.

पोरगी हसली. "अहो बाबा, बोली लागली, पण माल कुठं सुटलाय? तीन वार कोण करणार? ते मोठं बटण बघा, एंटर!"

बाबांचे डोळे चमकले. मला पुढं ओढलं.

"एक वार!" दादाच ओरडला. "दोन वार!"

बाबांनी बोट उंच नेलं.

"तीन वार!"

असा दणका बसला, माझी बिजागरी करकरली! आणि खोली लख्ख!

मग काय, थांबतायत होय! 'पंखा चालू'. दण! 'गाणी चालू'. दण! 'टीव्ही बंद'. दण! बाहेरून सूनबाई किंचाळली, "अहो बाबा! खुनी कोण ते आत्ता कळणार होतं!" बाबांचा आवाज नव्हता, पण पोट गदागदा हलत होतं.

आज माझ्या एंटरवरची अक्षरं पार पुसलीत. दुखतं थोडं, पण मजा येते राव!

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका माझं. घरात कुणी गप्प गप्प राहायला लागलं, तर त्याच्या हाताला जमेल असं काहीतरी त्याच्यापुढं ठेवा. आणि त्याचं बोट बटण शोधत असलं, तर घाई करून मध्ये आपलं बोट घालू नका. थांबा जरा. त्याला दाबू द्या.