दिवा विझला की हात लावायचा

धाकटीला राग आला की आधी तिचे कान लाल होतात, हे त्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे तरी किती? कारखाना गॅरेजएवढा आणि माणसं घरचीच. दादा धंदा बघायचा, म्हणजे बोलायचा. बाबा कॉइल गुंडाळायचे. डोकं धाकटीचं.

टेबलावरचं यंत्र तिनं घडवलं होतं. सोलर पॅनेलमधून येणारे चाळीसेक व्होल्ट घ्यायचे आणि त्यांचे चारशे करून द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं, करायला घ्या म्हणजे कळेल. ट्रान्झिस्टर जाळून जाळून तिच्या नाकात तो वास कायमचा बसला होता. शेवटी जमलं ते बाबांच्या कॉइलमुळे. एकाच गाभ्यावर दोन गुंडाळ्या, आणि त्या इतक्या घट्ट की मध्ये वाऱ्यालाही वाव नाही.

पण चारशे व्होल्ट म्हणजे खेळ नव्हे. यंत्र बंद केलं तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ते दबा धरून बसतात. आणि बाबांचा जन्म गेलेला बारा-चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्यांत, उघड्या तारेला बोट लावून बघायची सवय हाडात मुरलेली. म्हणून धाकटीनं बाहेर दोन रेझिस्टर बसवले होते आणि त्यांच्याच वाटेत एक छोटा लाल दिवा. यंत्र बंद केलं की साठलेली वीज त्या वाटेनं हळूहळू ओसरायची, आणि ती ओसरेपर्यंत दिवा जळत राहायचा. बाबांना तिनं एकच नियम घालून दिला होता, दिवा विझला की हात लावायचा.

"म्हातारपणी सासुरवास आला नशिबी," बाबा म्हणायचे, पण नियम पाळायचे.

त्या दिवशी छतांवर सोलर बसवणाऱ्या कंपनीची दोन माणसं यंत्र बघायला आली. धाकटी त्यांना आणायला फाटकापर्यंत गेली. परत येऊन बघते तर दादानं यंत्र आधीच चालू केलेलं, समोर बल्बांची रांग झगमगतेय. मीटरवरचा कार्यक्षमतेचा आकडा कालच्यापेक्षा चांगला होता. ती क्षणभर हरखली. मग तिला दिसलं की यंत्र चालू आहे आणि लाल दिवा मात्र बंद.

"दिवा का लागला नाही?" तिनं दादाच्या कानाशी विचारलं.

"काढले ते दोन रेझिस्टर. उगाच वीज खात होते फुकटची. आकडा बघ ना कसा आलाय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्कल गहाण टाकलीस का? परत लाव, आत्ताच्या आत्ता!"

"हळू बोल. पाहुणे गेले की लावू." आणि पाहुण्यांकडे वळून दात काढत म्हणाला, "आमची धाकटी जरा तापट आहे, पण हुशार!"

पाहुणे हसले. त्यांतला एक म्हणाला, "जरा बंद करून आतली कॉइल दाखवता का?"

दादानं आधी बल्बांची जोडणी काढली, मग पॅनेलचा स्विच पाडला. आकडा मावळला. आपली कॉइल दाखवायची म्हटल्यावर बाबांची छाती फुगली. नियमाचा माणूस, त्यांनी आधी लाल दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. त्यांनी दोन्ही हातांनी तारा सोडवायला घेतल्या.

धाकटीनं त्यांना असा धक्का दिला की ते स्टुलासकट जमिनीवर.

"डोकं फिरलंय का तुझं?" दादा ओरडला. "बाबांना ढकलतेस? लोकांसमोर?"

तिनं जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पाती त्या तारांच्या दोन्ही टोकांवर आडवी टेकवली. फाडकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. पातीचा कोपरा वितळून गेला.

"बंद होतं ना हे?" पाहुण्यानं विचारलं.

"बंदच होतं," धाकटी म्हणाली. "आमच्या दादाला आकडा हवा होता."

"मला काय माहीत बाबा हात—"

"तुला काय माहीत? जन्मभर ते हातच लावत आलेत! आणि आज माझ्या सांगण्यावरून लावत होते, माझ्या!" तिचा आवाज फाटला.

बाबा जमिनीवरून उठले. वितळलेली पाती पाहिली, मग स्वतःची बोटं. दादापुढे हात पसरला. दादानं शर्टाच्या खिशातून दोन्ही रेझिस्टर काढून दिले. बाबांनी ते त्याच्याच तळहातावर परत ठेवले.

"लाव."

दादानं सोल्डरिंग गन हातात धरली. "रेझिस्टरचं कुठलं टोक कुठं?"

"कसंही लाव," धाकटी म्हणाली. "त्यांना उलटं-सुलटं नसतं. नसले तर बाबा नसतात."

दिव्याचं सुटलेलं टोक मात्र तिनं बोटानं दाखवलं. जोडणी झाली, यंत्र चालू झालं, लाल दिवा लागला. आकडा कालच्या जागी उतरला, आणि पाहुण्यांसमोर तो उतरला तसा दादाचा चेहराही. मग यंत्र बंद केलं. दिवा मंद होत होत विझला.

बाबांनी हात पुढे केला नाही.

"विझला बाबा," धाकटी म्हणाली.

"दिसतंय मला." ते दादाकडे बघत होते. "आधी तू लाव."

दादानं हात उचलला. तो तारांपासून वीतभर वर थांबला, आणि तिथंच राहिला.