उघडा की बंद

माझ्या साडूला मी कधी माणसात मोजलं नाही, आणि त्यानेही परतफेड करण्यात कसूर केली नाही. आमच्या दोघांचं हेडफोनचं दुकान आहे. तो गल्ल्यावर बसतो, मी आतल्या ऐकण्याच्या खोलीत. नवा हेडफोन आला की मी तो ऐकतो, बरावाईट ठरवतो, आणि माझ्या शब्दावर गिऱ्हाईक महागडा माल उचलतं. ती खुर्ची गेली तर माझ्या वाट्याला मागे खोकी बांधणं उरतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने हेडफोन परत आणून टेबलावर आदळला. "तुम्ही म्हणालात आवाज मऊ आहे. अहो, कानात सुया टोचतात!"

झालं, साडूला आयतं निमित्त मिळालं. "तुझे कान गेलेत," तो म्हणाला. "परीक्षा घेऊ, डोळे बांधून. दोनदा हेडफोन चढवू. उघडा की बंद, एवढंच सांगायचं. दोन्ही वेळा बरोबर आलं तर खुर्ची तुझी. चुकलास तर मुकाट्याने मागे जायचं."

उघड्या हेडफोनला पाठीमागे जाळी असते. आवाज आत-बाहेर खेळतो, आणि वाद्यं डोक्याबाहेर आपापल्या जागी उभी असल्यासारखी वाटतात. बंद हेडफोनची पाठ घट्ट मिटलेली. ठोका दणदणीत बसतो, पण वाद्यं कपाटात कोंबल्यासारखी. हा फरक मी झोपेतसुद्धा सांगेन, असं मी येईल त्याला ऐकवत आलो होतो.

साडू आतल्या गाठीचा असला तरी अर्धवट नाही. स्पर्शावरून कळू नये म्हणून त्याने दोन्हींना एकसारख्या मखमली गाद्या बसवल्या. उघड्यातून खोलीतले आवाज ऐकू येतात, म्हणून एसी बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. हेडफोन चढवायला त्याची बायको, म्हणजे माझी आक्कडसासू, आणि साक्षीला तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको. कधी कुठला चढवायचा ते आपल्या बायकोला खुणेने सांगून आणि "तोंडातून ब्र काढायचा नाही" असं दोघींना बजावून तो गाणं लावायला शेजारच्या खोलीत गेला. दोन्ही वेळा एकच द्यायचा की वेगवेगळा, हेही त्याच्याच मर्जीवर होतं.

पहिला चढला. व्हायोलिन सुरू झालं. मी वाट बघत राहिलो. काही उभं राहिलं नाही, काही कोंबलेलंही वाटलं नाही. पांघरुणाखालून यावा तसा नुसता सूर. मी घाबरलो, स्पष्टच सांगतो.

"बंद," मी ठोकून दिलं. नशिबाने बरोबर निघालं.

दुसरा चढला. तेच व्हायोलिन, तेच पांघरूण. तुकडा संपला, पुढचा सुरू व्हायचा होता, तेवढ्यात बायकोचा आवाज आला. कुजबुज नव्हे, चांगला खणखणीत.

"ह्याला काही कळत नाहीये, ताई. चेहरा बघ ना. मीच दाजींना म्हटलं, घ्या परीक्षा. वर्ष झालं, घरात टीव्ही नुसता कोकलत असतो. हरला तर निदान कान तपासायला तरी जाईल."

"हळू बोल गं."

"एवढं डबडं बसलंय कानावर, त्याला काय ऐकू जातंय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उघडा!" मी ओरडलो आणि डोळ्यांवरचा रुमाल ओढून काढला.

साडू दारात आला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. "बरोबर आहे," तो म्हणाला. "कशावरून ओळखलंस?"

इथे मी जीभ आवरायला हवी होती. 'वाद्यं मोकळी वाटली' एवढं पुटपुटलो असतो तरी खुर्ची माझी होती. पण समोर बायको उभी होती, आणि साडूशी संगनमत करणाऱ्या बाईला सहीसलामत सोडणं माझ्या रक्तात नाही.

"तुमच्या मेहुणीला विचारा," मी म्हटलं. "शब्द न् शब्द ऐकलाय मी तिचा. खोलीतलं बोलणं ऐकू आलं, म्हणजे उघडा. आणखी काय?"

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. साडूला माझ्या आधीच कळलं होतं. तो हसला नाही, याचा मला जास्त राग आला.

"म्हणजे गाण्यावरून नाही," तो म्हणाला. "उद्यापासून मागे."

मी बायकोकडे वळलो. "झालं समाधान? माझ्या पाठीमागे कट करून?"

"पाठीमागे?" तिचा आवाज चढला. "वर्षभर रोज जेवताना समोर बसून सांगतेय, कान तपासून घे, कान तपासून घे. तेव्हा काय कानात बोळे घातले होतेस?"

ताईने तिचा दंड धरला, तो तिने झटकला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर आदळला आणि तिच्याकडे पाठ फिरवली.